शिकारी, हरणं आणि एक हरवलेला पक्षी

दोस्तांनो, 'शिकार' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? राजेमहाराजे, हत्तीवरची अंबारी, झाडावरचं मचाण आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेलं वाघाचं मुंडकं! आपल्याकडे ते दिवस आता संपले. १९७२ साली भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज आपल्या रानातलं साधं भेकर मारलं, तरी तुरुंगाची हवा खावी लागते. आणि ते योग्यच आहे.

पण जगात एक देश असा आहे, की तिथे हरणाच्या शिकारीला सरकारच परवाना देतं. सरकारी जंगलात जायचा हा परवाना बहुतेक ठिकाणी चक्क फुकट मिळतो! तिथली शाळकरी मुलं सुट्टीत बाबांबरोबर डोंगरात जातात आणि हरणाचा माग काढायला शिकतात. तीच मुलं पुढे म्हातारी झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पाठीवर सॅक टाकून डोंगर चढतच असतात. शिकार हा त्यांचा जन्मभराचा छंद असतो.

हा देश म्हणजे न्यूझीलंड. क्रिकेटमुळे नाव तर तुम्हाला पाठच असेल! मग तिथले लोक दुष्ट आहेत का? की त्यांना प्राण्यांची दयामायाच नाही? घाईने उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका. गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि तिच्यात आपल्या हिमालयातला एक प्राणीही आहे, बरं का!

पक्ष्यांचं राज्य

न्यूझीलंडची जमीन सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी बाकीच्या भूखंडापासून सुटून समुद्रात एकटी पडली. त्यामुळे तिथे गंमतच झाली. वाघ, लांडगा, हरीण, माकड, ससा यांतलं काही म्हणजे काही तिथे नव्हतं. समुद्रकाठचे सील सोडले, तर जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं!

मग गवत आणि पाला कोण खाणार? पक्षी! मोआ नावाचे मोठमोठे पक्षी तिथे होते. त्यांना पंख अजिबात नव्हते. सर्वांत मोठ्या जातीची मादी मान उंच केली की साडेतीन मीटरपर्यंत पोहोचायची. म्हणजे तुमच्या वर्गाच्या छताला चोच लागली असती! सुमारे ७०० वर्षांपूर्वी माओरी लोक होड्यांतून तिथे आले. त्यांनी मोआंची इतकी शिकार केली, की एकदोन शतकांतच ते पक्षी नामशेष झाले. उरले ते किवीसारखे लहानमोठे पक्षी. जमिनीवर शत्रूच नसल्यामुळे यातले कित्येकजण उडायचं विसरून गेले होते.

बोटीतून आलेले पाहुणे

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून लोक तिथे राहायला गेले. त्यांना ही जंगलं ओकीओकी वाटू लागली. शिवाय एक जुनी सल त्यांच्या मनात होती. त्यांच्या मायदेशात हरणाची शिकार म्हणजे जहागीरदारांची मिरासदारी. गरिबाने एखादं हरीण मारलं, तर त्याला कडक शिक्षा व्हायची. नव्या देशात तसं नको, इथे शिकार सर्वांना खुली हवी, असं त्यांनी ठरवलं. पण शिकार करायला आधी हरीण तर हवं ना!

म्हणून मग बोटींतून हरणं आणायला सुरुवात झाली. १८६१ साली नेल्सनच्या परिसरात इंग्लंडमधली लाल हरणं सोडली. आपल्या काश्मीरमधल्या हंगुलाची ही नातलग. पुढे तर रांगच लागली. जपानकडची सिका हरणं आली. श्रीलंकेतून सांबर आलं. आपलं ठिपकेवालं चितळसुद्धा नेलं होतं, पण ते तिथे टिकलं नाही. १९०५ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी वापिती ही प्रचंड हरणं भेट पाठवली. १९०७ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाने आल्प्स पर्वतातली शॅमॉय ही डोंगरी बकरीसारखी जनावरं दिली.

आणि १९०४ साली आला हिमालयातला थार. हा थार म्हणजे राजस्थानातलं वाळवंट नव्हे! ही एक रानबकरीसारखी जात आहे. नेपाळमध्ये तिला झारल म्हणतात. इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बेडफर्ड या सरदाराकडे थारांचा कळप होता. त्यातले मूठभर न्यूझीलंडला पाठवले आणि तिथल्या सर्वांत उंच शिखराजवळ, माउंट कुकजवळ सोडून दिले. माओरी भाषेत या शिखराचं नाव आओराकी.

पाहुणे डोईजड झाले

आता विचार करा. हिरवंगार जंगल, मुबलक पाणी, आणि हरणांना खाणारा वाघ नाही, लांडगा नाही. हिमालयात थाराच्या मागावर हिमबिबट्या असतो. इथे तोही नाही. शिवाय सुरुवातीला कायद्यानेही या प्राण्यांना संरक्षण होतं. मग काय, कळपच्या कळप वाढले!

तिथली झाडं लाखो वर्षं पक्ष्यांच्या चोचींची सवय असलेली. हरणांच्या दातांपुढे त्यांचं काही चालेना. हरणं कोवळी रोपं खाऊन टाकायची. वरून जंगल दाट दिसायचं, पण खाली नवी पिढीच नाही. म्हणजे गावात आजीआजोबा खूप आणि मूल मात्र एकही नाही, तसं!

शेवटी १९३० साली सरकारने हरणांचं संरक्षण काढून घेतलं. पुढच्याच वर्षापासून पगारी शिकारी नेमले. मारलेल्या प्रत्येक हरणामागे त्यांना वेगळे पैसे मिळत. हिशेबासाठी कातडी किंवा शेपूट आणून दाखवावी लागे. ही तरुण मुलं महिनोन्‌महिने डोंगरात राहायची. तिथल्या फियोर्डलँड भागात पाऊस आपल्या आंबोलीसारखा कोसळतो. ओले कपडे, पाठीवर जड ओझं, पुराच्या नद्या. कितीतरी जण नदी ओलांडताना वाहून गेले. बॅरी क्रम्प नावाच्या अशाच एका शिकाऱ्याने १९६० साली आपल्या अनुभवांवर एक विनोदी पुस्तक लिहिलं आणि ते तिथल्या घराघरांत पोहोचलं.

या शिकाऱ्यांसाठी सरकारने डोंगरात पायवाटा, झुलते पूल आणि लहान लहान लाकडी झोपड्या बांधल्या. आज जगभरातून लोक तिथे डोंगर भटकायला जातात. ते यातल्या कितीतरी झोपड्यांमध्ये मुक्काम करतात.

डोंगरातली शाळा

आता तुम्ही म्हणाल, बंदूक उचलली आणि ठो केलं, त्यात छंद कसला? पण खरी शिकार गोळी सुटण्याच्या आधीच असते. दिवसभर चालून हरीण दिसतसुद्धा नाही, असे दिवस पुष्कळ. रिकाम्या हातांनी परतणं ही नेहमीचीच गोष्ट.

हरणाचं नाक अतिशय तिखट. म्हणून शिकारी आधी वाऱ्याची दिशा बघतो. चिमूटभर कोरडं गवत हवेत सोडलं की ते कुठे उडतं ते दिसतं. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. आपल्याकडून तिकडे गेला, तर खेळ खलास! डोंगरात वाराही लबाड. सकाळी ऊन तापू लागलं की दरीतून वर वाहतो आणि संध्याकाळी गारवा आला की खाली उतरतो. हे सगळं ध्यानात ठेवून वाट ठरवायची. मग एखाद्या खडकाआड बसून दुर्बिणीने समोरचा डोंगर तासन्‌तास बघायचा. ठसे ताजे की शिळे, लेंड्या ओल्या की सुकलेल्या, झाडाची साल कुणी घासली, हे सगळं वाचायला शिकायचं. ही एक वेगळीच बाराखडी आहे.

मार्चअखेर ते एप्रिल हा तिथला शरद ऋतू. या दिवसांत लाल हरणांचे नर माद्यांसाठी भांडतात आणि अशा डरकाळ्या फोडतात, की दऱ्या घुमतात. पुष्कळ शिकारी वर्षभर याच दिवसांची वाट बघतात.

थाराच्या मागे जाणं याहून अवघड. बर्फाच्या कडेला, सरळसोट कड्यांवर हा प्राणी आरामात चरतो. त्याच्या खुरांच्या कडा टणक असतात आणि मधला भाग रबरासारखा मऊ असतो. त्यामुळे ओल्या खडकावरही पाय सुटत नाही. मोठा नर शंभर किलोच्या पुढे भरतो. थंडीत त्याच्या मानेवर सिंहासारखी लांब आयाळ येते. माणसाला मात्र असे खूर नाहीत! कड्यावरून घसरून शिकाऱ्यांनी प्राण गमावल्याच्या घटना घडल्या आहेत.

एक फरक ध्यानात ठेवा हं. लाल हरीण, सांबर, चितळ यांच्या नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. थाराची शिंगं मात्र गाईम्हशींसारखी कायमची. एकदा आली की जन्मभर वाढतात.

तिथे बंदुकीचा परवाना सोळाव्या वर्षानंतरच मिळतो. त्याआधी मुलाला बंदूक हाताळायची असेल, तर परवानाधारक मोठा माणूस शेजारीच हवा. सर्वांना एक नियम घोकून घोकून शिकवतात : 'समोर काय आहे याची शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय गोळी झाडायची नाही.' झुडूप हललं म्हणून गोळी झाडली आणि पुढे आपलाच मित्र होता, असे भयंकर अपघात तिथे झालेले आहेत. म्हणून पुष्कळ शिकारी भडक नारिंगी कपडे घालतात. झोपडीतल्या वहीत 'आम्ही कुठे चाललो आहोत' हे लिहून ठेवतात, म्हणजे हरवले तर शोधता येतं. आणि मारलेल्या हरणाचं मांस पाठीवर वाहून घरी आणायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं, अशी तिथली रीत.

डॉक्टरांना काय सापडलं?

आता या गोष्टीतला सर्वांत छान भाग.

टाकाहे नावाचा एक पक्षी न्यूझीलंडमध्ये होता. कोंबडीपेक्षा मोठा, निळा-हिरवा, लालभडक जाड चोचीचा आणि न उडणारा. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर तुम्ही जांभळी पाणकोंबडी पाहिली असेल ना? तिचाच हा थोराड चुलतभाऊ. १८९८ साली एका कुत्र्याने एक टाकाहे पकडला. त्यानंतर पन्नास वर्षं तो कुणालाच दिसला नाही. जात संपली, असं सर्वांनी धरलं.

पण जेफ्री ऑर्बेल नावाचे एक डॉक्टर तसं मानायला तयार नव्हते. लहानपणी त्यांनी या पक्ष्याचा फोटो पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात घर करून बसला होता. हे डॉक्टर हरणाच्या शिकारीचे पक्के शौकीन. १९३७ साली शिकाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी करणाऱ्यांत ते पुढे होते. सुट्टी मिळाली की डोंगरात! १९४८ च्या एप्रिलमध्ये मर्चिसन डोंगररांगेत, एका उंचावरच्या तळ्याकाठी त्यांना अनोळखी पक्ष्याचे मोठे ठसे दिसले. दुसरा कुणी असता तर पुढे गेला असता. पण शिकाऱ्याची नजर ठशांवरून सरकत नाही. त्यांनी ठशांचं माप घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये तीन सोबत्यांना घेऊन ते पुन्हा तिथे गेले.

२० नोव्हेंबर १९४८. गवतातून एक टाकाहे बाहेर आला! त्यांनी जाळं टाकून दोन पक्षी धरले, फोटो काढले, चित्रफीत घेतली आणि त्यांना तिथेच सोडून दिलं. जन्मभर शिकार करणाऱ्या माणसाची सर्वांत गाजलेली 'शिकार' ही अशी, एकही गोळी न झाडता! त्या तळ्याला आज ऑर्बेल यांचंच नाव आहे. डॉक्टर पुढे ९८ वर्षं जगले. २००७ साली ते वारले.

पण गोष्ट इथे संपत नाही. सरकारने तो डोंगर राखून ठेवला, तरी टाकाहे कमीच होत गेले. शास्त्रज्ञांनी कारणं शोधली. एक गुन्हेगार होता स्टोट. हा मुंगसासारखा चपळ प्राणी. सशांचा बंदोबस्त करायला तोही माणसांनीच आणलेला. आणि दुसरा कोण? लाल हरीण! टाकाहे डोंगरातल्या गवताचा एकेक देठ उपटतो, पायात धरतो आणि बुडाचा रसाळ भाग तेवढा खातो. हरणंसुद्धा नेमकं तेच सकस गवत फस्त करत होती. त्यांनी खाल्लेलं गवत पुन्हा नीट वाढायला फार वर्षं लागतात. म्हणून त्या डोंगरातली हरणं मुद्दाम कमी करावी लागली. इतर उपायही केले. पक्ष्यांना सुरक्षित बेटांवर नेलं, पिल्लं वाढवली. २०२३ पर्यंत टाकाहेंची संख्या पाचशेच्या आसपास पोहोचली.

थाराचं भांडण

१९६० नंतर न्यूझीलंडमध्ये हेलिकॉप्टर आली. हरणाच्या मांसाला परदेशात चांगला भाव होता. मग हेलिकॉप्टरमधून शिकार सुरू झाली. पायी हिंडणाऱ्याला जे महिन्यात जमत नव्हतं, ते एका सकाळी व्हायला लागलं. डोंगरात हरणं इतकी कमी झाली, की पुढे लोक ती जिवंत पकडून गाईगुरांसारखी पाळायला लागले. आज हरीणपालनात हा देश जगात पुढे आहे. थारही या सपाट्यात सापडले आणि फारच थोडे उरले. १९८३ साली त्यांची अशी धंदेवाईक शिकार थांबवली, तर ते पुन्हा वाढले!

१९९३ साली सरकारने ठरवलं, की थार दहा हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. पण २०१८ च्या सुमारास सरकारी जंगलात ते पस्तीस हजारांच्या घरात असल्याचा अंदाज निघाला. ते डोंगरातलं गवत आणि माउंट कुकची मोठाली पांढरी फुलं खाऊन टाकतात. सरकारने २०२० मध्ये हेलिकॉप्टरमधून मोठी मोहीम आखली आणि शिकारी खवळले. 'आमच्या आजोबांपासून आम्ही या डोंगरात येतो. सगळेच थार मारले, तर आमच्या मुलांनी काय पाहायचं?' असं त्यांचं म्हणणं. निसर्गप्रेमी म्हणाले, 'थार या मातीतला नाही. ही फुलं मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.' भांडण कोर्टात गेलं. कोर्टाने सरकारला सांगितलं, की शिकाऱ्यांशी नीट बोला, मगच पुरी योजना ठरवा. शेवटी वेगवेगळ्या भागांसाठी वेगळे नियम झाले. राष्ट्रीय उद्यानांत थार शक्य तितके कमी करायचे. त्याबाहेर सरकारी हेलिकॉप्टरने मुख्यतः माद्या मारायच्या आणि मोठे नर शिकाऱ्यांसाठी ठेवायचे. माद्या कमी झाल्या की संख्या आपोआप आटोक्यात राहते, हा त्यामागचा हिशेब.

आणि याच थाराची त्याच्या माहेरी काय स्थिती आहे, ठाऊक आहे? हिमालयात तो संकटाच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, त्याला कडक संरक्षण आहे. एकच प्राणी, पण एका डोंगरात तो मारल्याबद्दल तुरुंग आणि दुसऱ्या डोंगरात तो मारला तर शाबासकी!

मग चूक कुणाची?

आमच्या चौथीच्या वर्गात हा विषय निघाला, तेव्हा एक चिमुरडी पटकन म्हणाली, "बाई, पण हरणांनी थोडंच बोटीचं तिकीट काढलं होतं?" सगळा वर्ग हसला. पण तिचं म्हणणं अगदी खरं होतं. हरणांची चूक काहीच नाही. ती भूक लागली की खातात, एवढंच. चूक ज्यांनी केली, ती माणसं केव्हाच वारली. आणि आता काहीच करायचं नाही असं ठरवलं, तर हरीण वाचेल, पण टाकाहे जाईल. कुणाला तरी निवड करावीच लागते आणि त्या निवडीत रक्त सांडतं. दयाळू माणसालाही तिथे सोपी वाट मिळत नाही.

म्हणून तिथल्या शिकाऱ्याला नुसतं 'दुष्ट' म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. तसंच 'तिकडे चालतं, मग इकडे का नाही?' असंही म्हणू शकत नाही. आपल्याकडचं सांबर, चितळ, भेकर या रानातलेच मूळचे रहिवासी आहेत. त्यांना खाणारे वाघ-बिबटेही इथेच आहेत. आपण सांबर मारलं, तर वाघाच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखं होईल. दोन्ही देशांतले कायदे वेगळे आहेत, कारण दोन्ही रानांच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

तुमच्यासाठी एक काम

नकाशाचं पुस्तक काढा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर माउंट कुक शोधा. मग हिमालय शोधा आणि दोन्हींमध्ये केवढा समुद्र आहे ते बघा.

नंतर घरी किंवा वर्गात चौघांची सभा भरवा. एकाने सरकारी वनाधिकारी व्हायचं, दुसऱ्याने जन्मभर डोंगरात हिंडलेला शिकारी, तिसऱ्याने टाकाहे आणि चौथ्याने थार. प्रत्येकाने आपली बाजू पाच मिनिटं मांडायची. आईबाबांना न्यायाधीश करा आणि निकालाचं कारणही त्यांच्याकडून मागून घ्या! मग भूमिका बदलून पुन्हा एकदा सभा घ्या. जो आधी थार होता, त्याने आता वनाधिकारी व्हायचं. काय निकाल लागला ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.